टिकल्यांचा नकाशा

एका जंगलात, मुलांनो, कोणाला ताप आहे हे आधी नकाशाला विचारायची पद्धत होती.

तिथे ओढ्याच्या पल्याड रुंजी सशीण नुकतीच सून म्हणून आली होती. अंगाची हळद उतरायच्या आत सासूबाई तापाने फणफणल्या. दवाखाना अल्याड, सिंहमहाराजांच्या गुहेला लागून. रुंजी दगडांवरून उड्या मारत तिकडे गेली. तापल्या अंगाने ते कोणाला जमणार?

दवाखान्याचं काम कसं चाललंय ते घारबाई तपासत. वरून सगळं दिसतं ना, म्हणून! आलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरावर त्या नकाशात एक लाल टिकली लावत. अल्याड सगळं लालेलाल. पल्याड एक टिकली नाही.

"बाई, सासूबाईंना ताप आहे. औषध द्या."

"नवीन दिसताय, सूनबाई. पल्याड ताप नसतो."

"अहो, अंग तव्यासारखं तापलंय!"

"ती उष्णता. ताप असता तर टिकली नसती का?"

"ती कशी लागते?"

"पेशंटने इथे यायचं."

"चालता येत नाही हो त्यांना."

"मग तो पायांचा आजार. त्याचा नकाशा वेगळा."

रुंजीने "बरं" म्हणून मान डोलावली. नव्या सुनेला तेवढं येतंच. घारबाई निरीक्षणाला आभाळात गेल्या, तशी तिने कपाळावरची टिकली काढली आणि नकाशावर चिकटवली. आपल्या बिळावर नाही हं. महाराजांच्या गुहेवर.

संध्याकाळी नकाशा पाहून महाराज दचकले. "मला ताप आहे?"

"नकाशात तरी आहे," घारबाई म्हणाल्या.

महाराजांनी कपाळाला पंजा लावून पाहिला. गरमच लागलं. "निरोगी जागा कुठली?"

"पल्याड, महाराज."

महाराज लगोलग पल्याड राहायला आले. मागोमाग दवाखाना आला. शेजारी सिंह म्हणजे जरा अवघडच, पण रांगेत पहिला नंबर सासूबाईंचा लागला.

बघता बघता पल्याड टिकल्याच टिकल्या झाल्या. अल्याडचा नकाशा कोरा. घारबाईंनी अहवाल दिला, "अल्याडची मोहीम यशस्वी. ताप महाराजांच्या मागे लागलेला दिसतो."

औषधाने सासूबाई उठून बसल्या. पहिलं वाक्य बोलल्या, "कपाळ मोकळं का गं? टिकली कुठे टाकून आलीस?"

"कामाला लावलीय, सासूबाई."

तात्पर्य : टिकली आपल्या कपाळावर शोभून दिसते, पण औषध हवं असेल तर ती मोठ्यांच्या घरावर लावावी.