लाकडाचं मामाकुळ

वसरामकाका नव्या ओंडक्यावर हात ठेवतात आणि त्याला विचारतात, "तुहा तांडा कोणता, बाबू?"

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्यांचा दरवाज्यांचा कारखाना आहे. अख्खा जिल्हा सागाचा, आणि हा गृहस्थ साग आणतो आफ्रिकेतून. उलटी गंगा म्हणतात ती हीच. दरवाजे जातात युरोपात. तिथला कायदा म्हणतो, लाकूड चोरतोडीचं नाही हे आधी दाखवा. ते दाखवायला काकांनी मला ठेवलंय. झाड कुठल्या जंगलातलं, तोडीचा परवाना कुणाचा, हे जुळवणं माझं काम. दारव्ह्याला आई लोकांना सांगते, "पोरगा लाकडाचा सल्लागार हाये." सल्लागाराची लायकी एवढीच की सागाचं पान तो अजून ओळखतो. पान गळलं की त्याची बोंब.

काका दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचे. त्यांच्यात सोयरीक करायची तर तांडा, गोत, मामाकुळ, सगळं खोदून विचारतात. काकांनी तीच रीत लाकडाला लावली. माल उतरला की मला म्हणणार, "भाऊ, याचं मामाकुळ काय?" म्हणजे तोड करणारा ठेकेदार. "अन् वऱ्हाडात कोण कोण होतं?" म्हणजे जंगलापासून बंदरापर्यंतचे ट्रकवाले आणि व्यापारी. "मधला कोण?" म्हणजे दलाल. दलालाचं नाव निघालं की काकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. व्हिडिओ कॉलवर आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यालाही ते हिंदीत हेच विचारतात. तो बिचारा फक्त हात जोडायला शिकलाय.

एकदा त्यांनी माझीच चौकशी मांडली. मामा कुठले, वावर किती, तंबाखूचा खर्रा खातो का. मी चाळिशीतला, बिनलग्नाचा. कारखाना सांभाळणारी त्यांची मुलगी रेणुका माहेरीच राहते, कमी बोलते. माझ्या डोक्यात लगेच सनई वाजायला लागली. आठवडाभर मी इस्त्रीचे शर्ट घातले, सेंट मारलं. मग कळलं, काकांनी नव्या वॉचमनलाही हेच विचारलं होतं. त्याला तर आजीचं माहेरही विचारलं होतं.

गेल्या महिन्यात हॉटेलच्या दरवाज्यांची मोठी ऑर्डर आली. लाकूड बंदरात तयार होतं. दलाल म्हणाला, जंगलाचं नाव सांगता येणार नाही, पण सही-शिक्के पक्के आहेत. मी पाहिलं, खरंच पक्के होते. ही ऑर्डर हुकली तर करवती बंद, आणि करवती बंद तर मीही घरी. तेव्हा ज्याला नाही म्हणायलाच ठेवलंय, तोच म्हणाला, "काका, घेऊन टाका."

"जंगल काहून सांगत नाही थो?"

"कायले एवढं खोदता? कागद बरोबर हायेत ना."

काका अंगणातल्या एका ओंडक्यावर बसले. रेणुका चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"भाऊ, रेणुकासाठी पाह्यलेल्या त्या पोराचे बी कागद बरोबर होते," काका म्हणाले. "नोकरीचा कागद, घराचा कागद. मधला म्हने, एवढं काय इचारता, चांगलं ठिकाण हातचं जाईन. मी त्याच्या तांड्यावर गेलोच नाही. एकाले बी इचारलं नाही. थ्याले पहिली बायको होती, भाऊ. हे पोरीनं मले लई दिसांनी सांगतलं. अन् मी रडीन म्हनून थे बी हासत हासत सांगतलं."

आठवडाभर मी सेंट मारत होतो, आणि त्या घरात हे होतं. मला माझीच लाज वाटली.

रेणुकानं कप त्यांच्या हाताशी ठेवला. "बा, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."

मी दलालाला फोन लावला. तो पुन्हा सही-शिक्क्यांवर आला. म्हटलं, "कागद बरोबर हायेत, माहीत हाये मले. तांडा कोणता, थे सांगा." त्यानं फोन ठेवून दिला. ऑर्डर गेली.

रेणुका तोंडावर पदर धरून हसली. काकांनी चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

त्या दिवशी माझ्या शर्टाला इस्त्रीही नव्हती.