रिकाम्या स्टूलाचा कौल

अकोल्याच्या गफूरमिस्त्रीकडे गाडीचं ऑइल सील मागितलं, की तो आधी रिकाम्या स्टूलाला विचारायचा.

"नूर, हे बसन का?"

मग मान तिरपी करून ऐकायचा. स्टूलापुढं वाफाळता चहा ठेवलेला असायचा. नूर त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. कपाशीनं दगा दिलेल्या त्या वर्षांत ट्रॅक्टरवाले फिरकत नव्हते. भर दुपारी दुकानात आम्ही तिघंच: मिस्त्री, मी आणि स्टूल.

आज मी नातवंडांना भुतांच्या गोष्टी सांगून घाबरवते. तेव्हा मात्र भलतीच विज्ञानवादी नर्स होते. सेमाडोहला बदली झालेली, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि हौसेनं घेतलेली जुनी गाडी पुलीमागून तेल गाळत होती; तिचे भाग मिळायचे ते अकोल्यातच. घाटात इंजिन जाम झालं असतं, तर जंगलात माझी विचारपूस करायला अस्वलच आलं असतं.

जुन्या सीलच्या रबरी कडीवरचा नंबर मी स्वतः वाचला, तसंच सील निवडलं.

"ती नाई म्हणते," मिस्त्री म्हणाला.

"मी स्टूलाला विचारून इंजेक्शन देत नाही, मिस्त्री. बसवा."

त्यानं बसवलं. अमरावतीला घरी पोचले, तर गाडीखाली काळं थारोळं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. पाने-पकडी काढून ठेवलेल्या, स्टूलापुढं चहाचा कप काठोकाठ भरून मांडलेला.

"तुमी येता म्हणून सकाळीच सांगतलं तिनं," तो म्हणाला. "कावून घाबरून राहिल्या बाई?"

"मी? छे," म्हणाले आणि पदरानं घाम पुसला.

इंजिन तापलेलंच होतं. त्यानं नुसत्या हातानं पुली ओढली. कातडी करपल्याचा वास आला. त्याचा चेहरा मात्र हलला नाही. बारा वर्षं लोकांच्या जखमा बांधणारी मी, पण काल त्याच्या बोटांकडं पाहिलंही नव्हतं.

"मिस्त्री, बोटांना काही समजत नाही का तुमच्या?"

"साखर हाये बाई. बोटं कवाच मेली." स्टूलाकडं पाहात तो हळू म्हणाला, "शाफ्टवर खाच हाये का नाई, ते नूर नखानं पाहे. मी नुसता ठोकत होतो."

मी भाजलेलं बोट बांधलं. मग पुलीमागच्या शाफ्टवर नख फिरवलं. अडकलं. जुन्या सीलच्या आतल्या कडेनं, ओठानं, घासून घासून केसाएवढी खाच पडली होती. नंबर जुळणारं सील नेमकं तिच्यातच बसत होतं.

त्यानं फळीवरून त्याच मापाचं, पण रुंदीला बारीक सील काढलं. त्याचा ओठ खाचेच्या बाजूला, गुळगुळीत लोखंडावर टेकला. तेल थांबलं.

या वेळी त्यानं स्टूलाला विचारलं नव्हतं. जरा वेळ माझ्या नखाकडं पाहात बसला. मग स्टूलापुढचा कप माझ्याकडं सरकवला.

"प्या बाई. आज तुमी प्या म्हणते ती."

कप अर्धा होता. मिस्त्रीनं त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

विज्ञानवादी बाई तो चहा मुकाट्यानं प्यायल्या.