विचाराधीन ओरखडा

सासरेबुवांची पांढरी गाडी सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या ताब्यात आली आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी आमच्याच फाटकाला घासली. मधली दोन मिनिटं मी ती अत्यंत जबाबदारीने चालवली, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

सासरेबुवा आमच्याच खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. दहा दिवसांसाठी भावाकडे जाताना किल्ली देत म्हणाले, "जावईबापू, आता या वयात माझ्याच्याने गाडी होत नाही. तुम्हाला द्यावी की तुमच्या साडूंना, ते आल्यावर ठरवीन. तोवर सांभाळा." म्हणजे ही परीक्षाच होती. माझ्या आईला दर मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागतं. एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने पिशवीला धरून, दोन बस बदलत, हे काम माझी बायको करते. मीही गेलो असतो, पण माझा रजेचा अर्ज तीन वर्षांपासून वरच्या टेबलावर आहे. बायकोला गाडी उत्तम चालवता येते, याच गाडीवर शिकली ती. गाडी आमच्याकडे राहिली तर तिचे हाल संपणार होते. आणि साडू? तो माणूस निर्णय चुटकीसरशी घेतो. अशा उथळ माणसाच्या हाती गाडी गेलेली मला बघवली नसती.

मी टेप आणून ओरखडा मोजला. डावं मागचं दार, एक्केचाळीस सेंटिमीटर. आता प्रश्न एवढाच होता, की रंग स्वतः मारायचा की बाहेरून मारून घ्यायचा.

"कोपऱ्यावरच्या रंगवाल्याकडे न्या," बायको म्हणाली. "अर्ध्या तासात होईल."

मला तिची कीव आली. मी सव्वीस वर्षं खरेदी विभागात काढली आहेत. आमच्याकडे साधा झाडू घ्यायचा तरी तीन निविदा लागतात. एकदा एका खोलीसाठी झाडू मागवला होता. तो आला तेव्हा ती खोली पाडून झाली होती, पण प्रक्रियेत एक चूक काढून दाखवा! मी गाडीवर कव्हर चढवलं, चारी बाजूंनी दोरी आवळली आणि वर पाटी अडकवली, 'बाब विचाराधीन आहे. हात लावू नये.' मग वर येऊन फाइल उघडली.

मंगळवारी ऑफिसला जाता जाता कोपऱ्यावरच्या रंगवाल्याला गाठलं. तो एका गाडीच्या दाराला घासकागद मारत होता. मी त्याच्यापुढे अकरा पानी अर्ज धरला.

"साहेब, गाडी कुठाय?"

"गाडी नंतर. आधी अनुभवाचा दाखला."

त्याने समोर उभ्या असलेल्या सात चकचकीत गाड्यांकडे बोट दाखवलं. "या काय मग?"

"या गाड्या आहेत. दाखला नव्हे."

त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, "कागद मात्र चांगला आहे हो," आणि त्यातली चार पानं त्या गाडीच्या दिव्यावर रंग उडू नये म्हणून चिकटवली. अर्ज अपूर्ण. रंगवाला अपात्र.

संध्याकाळी घरी आलो तर आई खुशीत होती. "आज काय पटकन पोचलो रे दवाखान्यात! आणि बसायलाही मऊ होतं." बससेवा सुधारल्याची मी मनोमन नोंद घेतली. चांगल्याला चांगलं म्हणायला मी कधी कचरत नाही.

बुधवारी दुसरा उमेदवार पाहिला. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर एकाच गाडीचा चेहरा वेगवेगळ्या बाजूंनी. एका बाईंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या गाडीला काय म्हणायचंय?"

"पांढरा," मी म्हणालो.

त्यांना वाईट वाटलं. त्यांनी पांढऱ्या रंगाचे बेचाळीस तुकडे टेबलावर मांडले. हा शांत पांढरा, हा विचारी पांढरा, हा पांढरा असूनही तसं न दाखवणारा. "आणि हे बघा, एकच दार रंगवलं तर बाकीची दारं मनाला लावून घेतात. चारही करावी लागतील. मग टप बिचारं एकटं पडतं." गाडी तीन आठवडे त्यांच्याकडे राहणार होती, त्यातला एक आठवडा नुसता नव्या रंगाची सवय होण्यासाठी. मी सगळं लिहून घेतलं. अर्ज त्यांनी मात्र पूर्ण भरला, वर गुळगुळीत कागदावर रंगीत छायाचित्रं जोडली. पात्र.

तिसरा उमेदवार मी स्वतः. इथे पेच होता. अर्ज करणारा मी आणि मंजूर करणाराही मीच! उद्या कुणी बोट दाखवलं तर? म्हणून मी नियम केला. बाल्कनीत उभा असेन तेव्हा मी उमेदवार, जेवणाच्या टेबलाशी बसलो की अधिकारी. बाल्कनीतून अर्ज घेऊन टेबलाशी येईपर्यंत पाच वाजून दहा मिनिटं झाली. मुदत पाचची होती. मी माझा अर्ज फेटाळला.

"अहो, स्वतःशीच काय भांडताय?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"तो उशिरा आला," मी म्हणालो.

"मग हाकला त्याला! आणि चहा घ्या."

गुरुवारी मुदतवाढ दिली. अर्ज वेळेत आला, पण अनुभवाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'निरंक' लिहिलं होतं. नियमाप्रमाणे तशाच स्वरूपाची तीन कामं केलेली लागतात. नियम म्हणजे नियम. मी पांढऱ्या रंगाचे फवारे आणले आणि शुक्रवारी नमुना काम क्रमांक एक म्हणून फ्रीज रंगवला. रंग झकास बसला, इतका की दार कुठे आहे ते शनिवारपर्यंत सापडेना. क्रमांक दोन म्हणून आईचं स्टूल घेतलं. 'रंग ओला आहे' अशी सूचना मी रीतसर लावली होती. ती आईला दिसली नाही, कारण डोळ्यांचंच तर दुखणं आहे.

थोड्या वेळाने आई आतून म्हणाली, "अरे, हे स्टूल माझ्याबरोबर का येतंय?"

क्रमांक तीन शेजाऱ्यांचं पत्रांचं खोकं. ते पूर्ण पांढरं झालं, आणि शेजाऱ्यांचं मांजरही थोडंसं. शेजारी तावातावाने आले. मी त्यांच्याकडून 'काम पाहिले' एवढं लिहून घेतलं. अनुभव पूर्ण!

उरलेले दिवस तुलनात्मक तक्त्यात गेले. गुण समसमान येत होते. ऑफिसात डबा खाताना तक्ता, घरी दात घासताना तक्ता. बायको मधूनमधून किल्ली फिरवत बाहेर जायची, यायची. एकदा म्हणाली, "अहो, खाली येऊन गाडी तरी बघा एकदा." मी म्हणालो, "निर्णयाआधी पाहिली तर मन कलुषित होतं." खरं सांगतो, मला धास्ती वाटत होती. गाडी गेली तर हिच्या नशिबी पुन्हा त्या दोन बस, आणि त्याला जबाबदार मी. म्हणून मी आणखी एक परिशिष्ट जोडलं.

दहाव्या दिवशी सासरेबुवा आले. मी सगळं कबूल केलं आणि दोनशे बारा पानांची फाइल त्यांच्या मांडीवर ठेवली. ते दोन तास वाचत होते. शेवटी चष्मा पुसून म्हणाले, "पानांना क्रमांक घातलेत. आजकाल कोण घालतं हो!" त्यांनी पहिलं पान पुन्हा उघडून त्यावरून हात फिरवला. मलाही भरून आलं. गाडी आमचीच झाली, असं मला वाटून गेलं.

"चला," ते म्हणाले, "आता ओरखडा पाहू."

आम्ही खाली गेलो. दोऱ्या सोडल्या, कव्हर उचललं. दार गुळगुळीत. मी बोट फिरवलं. चुकून दुसरं दार असेल म्हणून पलीकडचंही पाहिलं. टेप लावली. शून्य सेंटिमीटर.

"त्याच मंगळवारी रंगवून आणलं," आईबरोबर मागून आलेली बायको म्हणाली. "कोपऱ्यावरच. दवाखान्यातून येऊन आईंना घरी सोडलं, आणि अर्ध्या तासात झालंसुद्धा. तेव्हापासून रोज काढते गाडी. परत कव्हर घालते, दोरी आवळते, पाटीसुद्धा सरळ करते. तुम्ही फाइलमधून डोकं बाहेर काढाल तर दिसेल ना!"

सासरेबुवांचा चेहरा उतरला. "मंजुरीशिवाय?"

"बाबा, काम झालंय ना!"

"तेच म्हणतोय मी. झालं कसं?" ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, ज्या ओरखड्यावर ही दोनशे बारा पानं आहेत तोच नसेल, तर ही पानं कशावर आहेत?"

"ओरखडा पूर्ववत करावा लागेल," मी म्हणालो.

"एक्केचाळीस सेंटिमीटर," ते म्हणाले. "कमी नको, जास्त नको."

मी बायकोकडून किल्ली मागून घेतली आणि टोक दाराला लावणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "थांबा. स्वतः मारणार? अनुभव आहे?"

"एक आहे. फाटकाचा."

"तीन लागतात."

"मग बाहेरून मारून घ्यायचा?"

"बघू की. तुलना करू."

बायकोने कपाळावर हात मारला. मग माझ्या हातातली किल्ली काढून घेतली, आईला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि काच खाली करून म्हणाली, "बाबा, तुमचं ठरेपर्यंत गाडी माझ्याकडे." आणि गेलीसुद्धा.

याला आता चौदा महिने झाले. आईची नजर पुष्कळ सुधारली आहे, आता ती स्टूल आधी हात लावून बघते. ओरखडा मारून देणाऱ्यांचे दोन अर्ज सासरेबुवांच्या आणि माझ्या समितीकडे आले आहेत. तिसरा साडूंचा यायचा आहे. ते एकदा येताजाता मारून देतो म्हणाले होते, पण अर्ज भरायला तयार नाहीत. सांगितलं होतं ना, उथळ माणूस.

तुम्ही हसताय, दिसतंय मला. हसा. पण या सगळ्यात तुम्ही माझ्याबरोबरच होतात. आई दवाखान्यात पटकन पोचली, तिला बसायला मऊ लागलं, हे तुम्हीही वाचलंत. बायको किल्ली फिरवत बाहेर जायची, तेही वाचलंत. तरी स्वतः की बाहेरून, यावर मनातल्या मनात कौल देत बसलात. "अहो, आधी कव्हर उचलून बघा," असं एकदा तरी म्हणालात का? नाही ना? मग तुम्ही आमच्यातलेच. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज अकरा पानी आहे, आणि मुदत पाचची.