बारीक आवाजाची बाई

कानांच्या बाबतीत मी अख्ख्या नागपुरात कोणाला हार जाणार नाही. आणि दुकानदारांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणूनच चौऱ्याऐंशी साली मी टेपसाठी स्पीकरच्या पेट्या घरी बनवायला घेतल्या, तेव्हा सीताबर्डीच्या दुकानदारानं पुढे सरकवलेला तयार क्रॉसओव्हर मी तसाच मागे सरकवला.

क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारा भाग. जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे, बारीक आवाज छोट्याकडे. ही वाटणी नेमकी कुठे करायची, यातच सगळी गोम असते.

"तीन हजार हर्ट्झवर कापला हाय साहेब, डोळे मिटून लावा," दुकानदार म्हणाला.

डोळे मिटायला सांगणाऱ्या माणसाचा मला लगेच संशय येतो. मी नुसती तार आणि कंडेन्सर घेतले आणि म्हणालो, "कुठं कापायचं ते माझे कान ठरवतील."

कानांना पारखायला रोजचा, ओळखीचा आवाज हवा. माझ्या घरी तो एकच, माझ्या बायकोचा, शामलाचा. सांगून टेपमध्ये भरला असता तर ती बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलली असती. म्हणून ती मेथी निवडत मला काहीबाही सांगत होती, तेव्हा मी पोह्यांच्या डब्यामागे टेप चालू करून ठेवला. ती सांगत होती शेजारच्या यमुताईंबद्दल. यमुताई दर आठवड्याला पाटवड्या पाठवतात आणि शामला त्यांचं तोंडभर कौतुक करते. टेपमध्ये भरलं गेलं ते कौतुक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती भाचीच्या बारशाला खाप्याला माहेरी गेली आणि मी कामाला लागलो.

आधी मोठा स्पीकर सोडून ठेवला आणि छोटाच लावला. शामलाचा दणदणीत आवाज त्यातून असा बारीक, चोरटा निघाला की मीच दचकलो. "अवो, तिले सांगू नका बरं. तिच्यासमोर गोडच बोलावं लागते." या वाक्यातले 'स' बारीक आवाजाच्या परीक्षेला बरे होते, म्हणून मी तेवढंच धरलं. तारेचे वेढे काढायचे, टेप मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचं. संध्याकाळपर्यंत ती बारीक बाई "तिले सांगू नका" एवढंच म्हणत होती. आमची आणि यमुताईंची भिंत एकच.

यमुताई दारात आल्या. "कोणी पाव्हणी आली का, गोपाळराव?"

मी झटकन टेप बंद केला आणि दारात आडवा उभा राहिलो. "छे, कोणीच नाही."

खरं सांगायची सोय नव्हती. यमुताईंनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, खाली वाकून पलंगाखालीही पाहिलं, आणि गेल्या.

गेल्या त्या थेट स्टँडवर. खाप्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ त्यांनी शामलासाठी निरोप दिला. तोंडी दिला, म्हणजे सावनेरपर्यंत सगळ्या गाडीला माझं लफडं कळलं.

सकाळी शामला आली, सोबत माझे सासरे रामाजी. ते दारातल्या खुर्चीवर बसले आणि पाण्याला नाही म्हणाले. लेकीच्या घरचं पाणी ते एरवीही घेत नाहीत, त्यामुळे रागावलेत की रीत पाळताहेत हे मला कळेना. मागोमाग रिकामी वाटी घेऊन यमुताईही आल्या.

"कोण होती?" शामलानं विचारलं.

"तूच होतीस."

"मी तर खाप्याले होती."

रामाजी छताकडे पाहत म्हणाले, "जावाईबापू, आम्ही काही म्हणत नाही. शामलाची कपड्यांची पेटी तेवढी काढून द्या. अकराच्या गाडीनं निघतो."

मी घाईघाईनं टेप लावला. मोठा स्पीकर अजून सुटाच होता. बारीक बाई कुजबुजली, "अवो, तिले सांगू नका बरं."

"हाच आवाज," यमुताई म्हणाल्या. "भिंतीतून हाच येऊन राहिला होता."

"ही शामलाच बोलते आहे," मी म्हणालो.

"मी अशी बोलते?" शामला रडकुंडीला आली. स्वतःचा आवाज कोणालाच ओळखू येत नाही.

रामाजींनी मान हलवली. "माझ्या पोरीनं अंगणातून आवाज देला तर वावरातले बैल थांबत. हे तर मांजर हाय."

आता एकच मार्ग उरला. क्रॉसओव्हर नीट लावायचा आणि शामलाचा आवाज शामलासारखा ऐकवायचा. आवाज लागला तर संसार वाचणार होता. पण शेजार जाणार होता.

"यमुताई, तुम्ही जरा घरी जाता का?"

"काहून? साक्षीदार नको काय?"

"बसा वं बाई," रामाजी म्हणाले.

मी वेढे मोजले, तारा पिरगाळल्या, मोठा स्पीकर जोडला आणि टेप पहिल्यापासून लावला. खरं सांगतो, असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. मेथीची काडी मोडल्याचंसुद्धा ऐकू आलं. आणि पाठोपाठ शामला, खणखणीत: "यमुताईच्या पाटोड्या मी गाईले टाकल्या. तिनं हुंगल्या अन् माझ्याकडेच पाहिलं. अवो, तिले सांगू नका बरं."

रामाजींचा चेहरा खुलला. त्यांना लेक सापडली होती. शामलाचे कान लाल झाले. तिलाही ती बाई कोण ते कळलं होतं.

यमुताईंनी वाटी खाली ठेवली. "शामला, हा तुझा आवाज हाय काय वं?"

मी छाती काढून उभा होतो. शामलानं माझ्याकडे पाहिलं, मग यमुताईंकडे पाहिलं.

"नाही वं यमुताई. कोण बाई हाय, मले माहीत नाही."

"आमची नाही," रामाजीही म्हणाले आणि अकराच्या गाडीसाठी उठले. पेटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"म्हणजे माझ्या पाटोड्या त्या बाईच्या हाती गेल्या," यमुताई माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "ती याच घरात राहून गेली."

घरात मी निर्दोष सुटलो. स्वयंपाकघराचं दार लावून शामला पोट धरधरून हसली आणि त्या दिवशी तिनं मला वरून तूप वाढलं. गल्लीत मात्र माझ्याकडे कोणी सरळ पाहत नाही. यमुताई अजून त्या बाईला शोधत असतात, आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून शामलाही त्यांच्यासोबत शोधायला जाते.