न आलेला गुलाबी

"तालीम थोडी कच्ची ठेव," सासूबाईंनी तिला आधीच बजावलं होतं. "फार पक्की झाली की मुलं चुकत नाहीत हे खरं, पण मग ती थांबतही नाहीत. आमच्या एका नाटकात राजाच आला नव्हता, ताप भरला होता त्याला. तरी प्रधानाने रिकाम्या खुर्चीला लवून नमस्कार केला, तिच्याशी मसलत केली आणि तिसऱ्या अंकात तिला विष पाजलं."

सासूबाईंनी उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला होता. त्यामुळे त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायची घरात सगळ्यांनाच सवय होती.

"आई, हे नाटक नाही, रसायनशास्त्र आहे," ती म्हणाली. "रंग यायचा तेव्हा येतोच. त्याला ताप भरत नाही."

ती एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि त्याच विषयात एम.एस्सी. करत होती. ही एम.एस्सी. खास शिक्षकांसाठी होती, तिला प्रबंध नव्हता. प्रवेश मिळाला त्या दिवशी आनंदाच्या भरात ती नवऱ्याला म्हणाली होती, "प्रबंध नाही म्हणजे काय माहितीये? सासर आहे पण सासू नाही." समोर भाजी निवडत कोण बसलंय हे तिच्या नंतर लक्षात आलं. भाजीचे देठ जरा जोरात मोडू लागले.

प्रबंध नसला म्हणून काही पदवी फुकट मिळत नव्हती. संध्याकाळचे तास होते, सुट्टीतली प्रयोगशाळा होती, एक सेमिनार होता, शेवटी तोंडी परीक्षा होती. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे प्रबंधाच्या जागी एक पाठ. स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या वर्गावर, मार्गदर्शकांसमोर. नियम असा, की विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी निरीक्षण करून निष्कर्ष काढताना दिसले पाहिजेत.

तिचे मार्गदर्शक सर निवृत्तीला टेकलेले होते. विभागात त्यांना पाठीमागे 'गरुड' म्हणत. टायट्रेशनमध्ये आम्लात थेंब थेंब अल्कली सोडतात आणि ज्या थेंबाला फिकट गुलाबी रंग येऊन टिकतो तिथे हात थांबवायचा असतो. हा रंग इतका फिकट असावा लागतो की आहे की नाही यावर नवराबायकोत भांडण व्हावं. सरांना तो दारातून दिसायचा. "थांबा, झालं," ते उंबऱ्यावरूनच म्हणायचे, आणि विद्यार्थ्याला त्यानंतर दिसायचा. रसायनशास्त्रात मला दुसरं काही येत नाही, डोळा तेवढा आहे, असं ते सांगत. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नम्रतेचा लवलेशही नसे.

तिने हाच प्रयोग निवडला. फ्लास्कमध्ये व्हिनेगर, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या उभ्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली. आणि सुरू झाली तालीम. ती फ्लास्क उचलून पांढऱ्या कागदासमोर धरणार. "काय दिसतं?" "फिकट गुलाबी, बाई." "किती वेळ टिकला?" "तीस सेकंद, बाई." पहिल्या दिवशी मुलं विस्कळीत बोलली. आठवड्याभरात अशी बोलू लागली की जणू एकाच गळ्याला चाळीस तोंडं. पुढे पुढे तिने रसायनं वाचवायला नुसत्या पाण्याचा फ्लास्क उचलून तालीम घेतली. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण बाई पडली काळजीवाहू. मुलगी नीट झोपलीय ना हे बघायला मुलीला उठवणारी आई ती. घरातल्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने जुने मोजे चढवले होते, त्यामुळे टेबल बाहेर निघाल्यासारखं दिसायचं. तर पाठाच्या आदल्या दिवशी तिच्या मनात आलं, पहिल्या बाकावरची मुलं फारच जवळ बसतात. अल्कली उडाली डोळ्यात तर? तिने बाटलीत थोडं पाणी घातलं. मग वाटलं, थोड्याने काय होतंय. आणखी घातलं. सकाळी शाळेत पोचल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने डोळे चोळले, म्हणून पुन्हा घातलं. मायेच्या पोटी तिने त्या अल्कलीचं पार तीर्थ करून टाकलं.

सर आले, शेवटच्या बाकावर बसले, चष्मा पुसला. तिने ब्युरेटची तोटी उघडली.

रोज जिथे रंग यायचा ती खूण आली आणि गेली. फ्लास्कमध्ये काही नाही. थेंब पडतायत, ती फ्लास्क फिरवतेय, काही नाही. ब्युरेट निम्मी झाली. घाम फुटला तो तिला, फ्लास्क आपला थंड. तिला वाटलं, प्रकाश कमी पडतोय की काय, म्हणून तिने नीट बघायला फ्लास्क उचलून पांढऱ्या कागदासमोर धरला.

"फिकट गुलाबी, बाई," सगळा वर्ग म्हणाला.

तिने काही विचारलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली.

"तीस सेकंद, बाई," वर्गाने तिला सांभाळून घेतलं.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. 'थांबा, नीट बघा, मला तर दिसत नाही,' एवढं म्हणायचं होतं. त्याचाच तर पाठ होता. पण शेवटच्या बाकावरून सर उठून उभे राहिलेले तिला दिसले आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला.

"छान."

सर पुढे आले. त्यांनी फ्लास्क हातात घेतला, खिडकीपाशी नेला, चष्मा काढून बघितला, चष्मा लावून बघितला. सरांनी त्या चाळीस चेहऱ्यांकडे पाहिलं. एकाही चेहऱ्यावर शंकेची सुरकुती नव्हती.

"हो," सर शेवटी म्हणाले. आवाज जरा खोल गेला होता. "आहे. आहे ना. अतिशय फिकट. इतका नाजूक अंत्यबिंदू मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. जाताना जिना उतरताना ते कठड्याला धरून उतरले. येताना धरून आले नव्हते, हे तिने पाहिलं आणि नेमकं तेवढंच पाहिलं नाही असं ठरवलं. घरी येऊन तिने उरलेली बाटली मोरीत ओतली. मोरीला काही झालं नाही, इतकं ते पाणीच होतं.

"कसा झाला पाठ?" सासूबाईंनी विचारलं.

"पैकीच्या पैकी."

"मग तोंड का असं?"

"दमलेय, आई."

पुढच्या आठवड्यात अभ्यासक्रमातल्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, ऐकलंस का, सरांनी प्रॅक्टिकल घेणं सोडलं. म्हणे, रंग दिसेनासा झालाय. स्कूटरही विकायला काढलीय. सिग्नलचा लाल दिसला नाही तर काय घ्या, म्हणतात. डोळ्याचं ऑपरेशन आहे परवा."

तिने मुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून सरांचं घर गाठलं.

दार काकूंनी उघडलं. सर खुर्चीत बसले होते, मांडीवर एक चौकटीची चादर.

"या, बाई. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण कोवळा. काढला तरी चालेल, राहू दिला तरी चालेल. मी म्हटलं, काढा. चाळीस पोरांना दिसतंय आणि मला नाही, म्हणजे कोवळा कसला?"

"सर, तो रंग नव्हताच."

"कुठला?"

"त्या दिवशीचा. आलाच नव्हता. मी अल्कलीत पाणी घातलं होतं. फार घातलं होतं."

सरांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी सरांकडे. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

"बघितलंस?" सर म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, पोरगी गुणाची आहे? मला धीर द्यायला स्वतःचे गुण घालवायला निघालीय."

"धीर नाही हो सर, खरं सांगतेय."

"बरं, बाटली आणा. मोजून बघू."

"ओतून टाकली."

"ओतून टाकली," सर मायेने म्हणाले. "असू दे. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाई. सवय नाही तुम्हाला."

जमीन दुभंगेना, म्हणून तिने चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गातच विचारलं. "मुलांनो, खरं सांगा. त्या दिवशी रंग आला होता का?"

वर्ग सावध झाला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई परीक्षा बघतायत, हे कोणाच्याही ध्यानात आलं असतं.

"आला होता, बाई."

"अरे, नव्हता आला. मीच सांगतेय."

"फिकट होता, बाई."

"कोणाकोणाला दिसला नव्हता? हात वर करा. मी रागावणार नाही."

बाई 'रागावणार नाही' म्हणाल्या की काय होतं हे मुलांना माहीत होतं. एकही हात वर गेला नाही. एवढ्यावर शहाण्या माणसाने थांबावं. ती संध्याकाळी वर्गप्रमुख मुलीला, तिच्या आईला विचारून, सरांच्या घरी घेऊन गेली.

"घाबरू नकोस," वाटेत तिने दहादा सांगितलं. "काही दिसलं नव्हतं, तेवढंच सांगायचं."

मुलगी सरांसमोर हाताची घडी घालून उभी राहिली. सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "बाळ, त्या दिवशी फ्लास्कमध्ये काय दिसलं?"

प्रश्न ओळखीचा होता. मुलीचा चेहरा उजळला.

"फिकट गुलाबी, सर. तीस सेकंद टिकला."

"मीच शिकवलं होतं हो तिला," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पाण्यावर शिकवलं होतं."

"पुरे आता, बाई," सर म्हणाले आणि उठून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी त्या लेकराला खोटं बोलायला लावू नका."

ऑपरेशन झालं. तोंडी परीक्षाही झाली. समितीतले दुसरे दोघे म्हणाले, तुमच्या विद्यार्थ्यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल सरांकडून फार ऐकलंय. तिला पदवी मिळाली. नवऱ्याने प्रमाणपत्राला चौकट करून आणली आणि ती दिवाणखान्यात लावायला निघाला. तिने ती कपाटामागच्या भिंतीवर लावायला लावली. "इथे कोणाला दिसणार?" तो म्हणाला. ती म्हणाली, तेच बरं.

तिला आशा होती की पट्टी निघाली की सर प्रयोगशाळेत परततील. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा लख्ख आहे. पण सर म्हणतात, लख्ख तर मला तेव्हाही वाटत होता. ते घरीच बसतात. काकूंना विचारतात, हा पडदा निळाच ना? हे दूध पांढरंच ना? काकू हो म्हणतात, तर म्हणतात, तू काय, मला बरं वाटावं म्हणून म्हणशील. ती दर आठवड्याला जाते, दर आठवड्याला खरं सांगते, आणि दर आठवड्याला आधीपेक्षा जास्त गुणाची ठरून परत येते.

तेव्हा एक विनंती आहे. त्यांच्या घरावरून तुमचं जाणं-येणं असेल तर जरा डोकावून या. तुम्ही त्यांचे विद्यार्थी नाही, नात्यातले नाही, तुमचं ते ऐकतील. ते उजेडात काहीतरी धरून तुम्हाला रंग विचारतील. दिसेल तो सांगा. नसेल दिसत, तर नाही दिसत म्हणा. आणि काहीही झालं तरी छान म्हणू नका.