करवतीचं झाकण

एक्याण्णव सालच्या दसऱ्याला आमलीतल्या खोक्यांच्या कारखान्यात टेबल करवतीची पूजा झाली. पात्याला कुंकू लावायचं म्हणून वरचं झाकण काढलं, ते मॅनेजर प्रभाकर साहेबांच्या केबिनमधल्या कपाटावर गेलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. झाकण नसलं की काम झपाट्यानं होतं, हा शोध साहेबांना दुसऱ्याच दिवशी लागला होता.

करवतीवर शिरपूरचा कारभारी नावाचा कामगार होता. डाव्या हाताची दोन बोटं आधीच्या कारखान्यात ठेवून आलेला. नरोलीच्या भाड्याच्या खोलीत सरुबाई रोज संध्याकाळी नवऱ्याची बोटं मोजायची आणि आठ भरली की मगच ताट वाढायची. तिसरं गेलं नाही एवढंच तिचं समाधान!

दिवाळी उलटल्यावर कारभारीनं धीर केला.

"साहेब, झाकन द्या ना. त्याच्या मागची पट्टी फळीतली कापलेली चीर मिटू देत नाही. चीर मिटली का फळी उलटी येते, आन् मी समोरच उभा ऱ्हातो."

"मग बाजूला उभा राहा की! तेवढी अक्कल नाही?"

कारभारीला ते पटलं. दुपारी खानवेलकडची ओली फळी लावताना तो पाऊलभर बाजूला सरकला. फळी अर्धी कापली गेली आणि चीर मिटून पात्याला घट्ट बसली. फळी सुसाट मागे सुटली. एरवी जिथे कारभारीचं पोट असायचं तिथून ती बिनबोभाट गेली, केबिनची काच फोडली आणि साहेबांच्या खांद्याचं हाड मोडून खाली पडली. कपाटावरच्या झाकणाला ओरखडाही आला नाही.

कारभारी धावत आत गेला.

"कुठे मेला होतास तू?" साहेब कळवळून ओरडले.

"बाजूला, साहेब. तुमीच सांगितलं ना."

पंधरा दिवसांनी साहेब प्लास्टर घालून आले, सोबत वेल्डरही. कारभारीच्या जिवात जीव आला. वेल्डरनं केबिनच्या खिडकीचं माप घेतलं आणि तिला जाड लोखंडी जाळी ठोकली. साहेबांनी धड हातानं खडू घेऊन करवतीसमोर दोन पावलं काढली.

"इथून हलायचं नाही."

"आन् झाकन?"

"पुढच्या दसऱ्याला बघू."

संध्याकाळी कारभारीनं सगळं सांगितलं. सरुबाईनं बोटं मोजली. आठ भरली, तरी ती ताटाकडे वळली नाही.

"सदरा काढा," ती म्हणाली, आणि बरगड्या मोजायला बसली.