साहेबरावांचं कायमचं

या, अशा जवळ या. आणि तो मोबाईल ठेवा बाजूला. मी इथं जीव तोडून सांगतेय आणि तुमचं बोट आपलं फिरतंय! हं. आमच्या शेजारच्या साहेबरावांनी अंगणातली खाट सिमेंटमध्ये गाडली, यावर बसेल का तुमचा विश्वास? माझाही बसला नव्हता. सकाळी कवाड उघडून बघते तर चारही पाय जमिनीत!

"भावजी, अहो हे काय?"

"कायमचं करून टाकलं, वयनी. आता कोन हालवतंय बघू."

हलवायची कुणाला होती? पण सावलीला कोण सांगणार! दुपारी कडुलिंबाची सावली सरकली आणि खाट राहिली उन्हात. तर या माणसानं खाटेला छत्री बांधली. तारेनं. कायमची.

हा त्यांचा शब्द अख्ख्या पुणतांब्याला पाठ. साखर कारखान्यात ते उभा जन्म हंगामी राहिले. गाळप संपलं की घरी, ऊस आला की परत कामावर. कायम व्हायची ऑर्डर आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता वय झालं. मग कारखान्यानं केलं नाही ते त्यांनी घरात सुरू केलं. आरसा आपल्या उंचीला भिंतीत पक्का बसवला. बायको, आमची नलू, बुटकी. तिला त्यात नुसता भांग दिसायचा. तिनं कुरकुर केली तर खाली पाट दिला, आणि तोही फरशीत गाडला! मी अजून ठेचकाळते त्याला. नलू म्हणायची, "जरा जास्त येळ हुबी ऱ्हायले तर मलाबी हितंच बसवतील हे!"

गेल्या वर्षी नलू गेली.

परवा सकाळी त्यांचा मुलगा पुण्याहून गवंडी घेऊनच आला. अंगणातली नलूची मातीची चूल पाडायची आणि सगळीकडं फरशी टाकायची. "अण्णा, कायमचं काम होऊन जाईल," म्हणाला. मला वाटलं, आता साहेबराव स्वतःच घमेलं उचलतात. तर ते चुलीपुढं फतकल मारून बसलेले, उठायचं नाव नाही.

"चुलीला हात लावायचा न्हाई."

मी बघतच राहिले. आणि मग त्यांच्या हातांकडं लक्ष गेलं. कोपरापर्यंत शेण! अगं बाई! नलू गेल्यापासून ती चूल इतकी तुकतुकीत कशी, ते मला तेव्हा कळलं. जन्मात जेवलेलं ताट ज्यानं उचललं नाही, तो माणूस चूल सारवत होता.

"मग सिमेंटचीच करून घ्या की," मी म्हटलं. "तुमच्या पद्धतीनं, कायमची."

"नको, वयनी." खाली बघतच त्यांनी चुलीचा काठ बोटानं गुळगुळीत केला. "सिमेंट लावलं की परत हात लावायचं कामच उरत न्हाई. मग मी सकाळी उठून हितं येऊ कशाला?"

मुलानं शेणाची पाटी तेवढी बापाच्या हाताशी सरकवली, आणि गवंड्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता साहेबराव त्या चुलीवर भाकरीसुद्धा टाकतात. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. आणि खावी लागते मला! तेव्हा या बरं लवकर, माझ्याच्यानं एकटीनं संपत नाही. फक्त त्यांच्या घरात शिरताना तेवढं पाटाकडं बघून.